बोटभर पाणी आणि घरातला संडास

तालुक्याच्या गावी बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात शौचालयाच्या भांड्याबरोबर एक वाकडा तुकडा मिळतो. गवंडी त्याला ट्रॅप म्हणतात. भांडे बसवले की हा तुकडा त्याच्या खाली जातो, वर फरशी होते आणि नंतर वर्षानुवर्षे तो कुणाच्या दृष्टीस पडत नाही. त्याच्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते. ग्रामीण शौचालयांसाठी ठरवलेल्या मापात या पाण्याची खोली २० मिलिमीटर असते, म्हणजे जेमतेम एका बोटाच्या रुंदीएवढी. शहरातल्या भांड्यांत ती साधारण ५० मिलिमीटर असते. पाण्याच्या एका बाजूला आपले घर आणि दुसऱ्या बाजूला मैल्याचा खड्डा किंवा गटार. खालचा वायू वर येऊ शकत नाही, माशी खाली जाऊ शकत नाही, झुरळाची वाट बंद होते. दर वेळी पाणी ओतले की जुने पाणी पुढे ढकलले जाते आणि नवे त्याची जागा घेते. चावी नाही, झाकण नाही, हलणारा एकही भाग नाही. महिनाभर घर बंद ठेवून परत आलेल्यांना या पाण्याची किंमत लगेच कळते. उन्हाळ्यात ते आटून गेलेले असते आणि दार उघडताच वास येतो. एक बादली पाणी ओतले की वास थांबतो.

संडास घरात असावा की घराबाहेर, हा प्रश्न माणसाच्या इतिहासात दोनच गोष्टींवर ठरत आला. वास कसा अडवायचा आणि मैला कोण हलवणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर या बोटभर पाण्याने दिले. दुसऱ्याचे उत्तर आपल्या देशाने फार काळ जातीवर सोपवले. माझ्या मते संडासाचा इतिहास लिहिताना ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. एकट्या यंत्राची गोष्ट सांगून हा विषय पुरा होत नाही.

सिंधू नदीकाठच्या मोहेंजोदडोचे उत्खनन राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ मध्ये सुरू केले. इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते १९०० या काळात भरभराटीला आलेल्या या नगरात बहुतेक घरांत न्हाणीघर सापडले. पक्क्या भाजलेल्या विटा घासूनपुसून इतक्या घट्ट बसवलेल्या की सांध्यात पाणी मुरू नये, आणि फरशीला एका कोपऱ्याकडे नेमका उतार. काही घरांत न्हाणीजवळच विटांचा शौचकूप होता. तो नेहमी रस्त्याकडच्या भिंतीला लागून बांधत, कारण भिंतीतून एक तिरपी पन्हळ बाहेर काढायची असे. ही पन्हळ कुठे रस्त्यातल्या गटारात पडे, तर कुठे भिंतीबाहेर पुरलेल्या मोठ्या रांजणात. काही रांजणांच्या बुडाला भोक असे. पाणी जमिनीत जिरे आणि घट्ट मैला आत राही. आजच्या शोषखड्ड्याचे तत्त्व ते हेच. रस्त्यातली गटारे विटांनी झाकलेली होती आणि ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी खड्डे केलेले होते. ते खड्डे आणि ते रांजण वेळच्या वेळी उपसल्याशिवाय ही व्यवस्था आठवडाभरही चालली नसती. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या नगरात उपसण्याचे काम करणारी माणसे होती. विटा राहिल्या, त्या माणसांचा माग राहिला नाही. गुजरातेतल्या लोथललाही न्हाण्या आणि गटारांची अशीच रचना आढळते.

जगात इतरत्रही अशा खुणा आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटावर स्कारा ब्रे नावाची दगडी घरांची वस्ती आहे. ती मोहेंजोदडोहूनही जुनी. तिथल्या घरांत भिंतीतले लहान कोनाडे आणि त्यांच्याखालून गेलेली मोरी दिसते. क्रीट बेटावरच्या नोसोसच्या राजवाड्यातला शौचकूप तर पाणी ओतून धुतला जाई. मात्र या सगळ्यांत एक उणीव समान होती. पाणी मैला वाहून नेई, पण नळी नंतर रिकामीच राही आणि त्याच नळीने वास परत येई. म्हणून शौचकूप घरात असला तरी तो बाहेरच्या भिंतीला, वाऱ्याच्या तोंडी ठेवणे भाग होते.

आपल्याकडे पुढे घरातला शौचकूप मागे पडला. धर्मशास्त्रांच्या आचारनियमांत मलमूत्रविसर्जन राहत्या जागेपासून दूर करावे असे सांगितले आहे, आणि गरम हवेच्या, मोकळ्या रानाच्या देशात ते व्यवहाराला धरूनही होते. पण जिथे माणसे दाटीने राहत तिथे रान पुरत नसे. बौद्ध भिक्षूंच्या विहारांत हा प्रश्न लवकर उभा राहिला. विनयपिटकात ‘वच्चकुटी’ म्हणजे शौचगृहाचे नियम आहेत आणि ते वाचताना मन थक्क होते. खड्ड्याचा काठ ढासळू नये म्हणून तो बांधून घ्यावा, बसायला पायठाणे असावीत, झाकण असावे, दार असावे, आत जाण्याआधी खोकून चाहूल द्यावी. आधी वडीलकीच्या क्रमाने जायची रीत होती. धाकटे भिक्षू ताटकळत आणि वेग आवरताना काही जण मूर्च्छा येऊन पडले. तेव्हा नियम बदलला. जो आधी येईल तो आधी जाईल, वय पाहायचे नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. देहाच्या गरजेपुढे मानपान बाजूला ठेवल्याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

दाटीचे दुसरे ठिकाण म्हणजे किल्ले. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत, मग शिबंदीने रात्री जायचे कुठे? महाराष्ट्रातल्या गडांवर हिंडणाऱ्यांनी याचे उत्तर डोळ्यांनी पाहिलेले असते. सिंधुदुर्गाच्या तटबंदीत शौचकूप आहेत. रायगडावर राणीवशाच्या दालनांना लागून ते आहेत. तटाच्या जाडीत माणूस बसेल एवढी कोनाड्यासारखी जागा, पायाखाली दगडात कोरलेली फट आणि तिच्यातून बाहेरच्या उतारावर जाणारी वाट, अशी साधारण रचना. वारा आणि उतार ही दोन्ही साधने फुकटची. युरोपातल्या मध्ययुगीन गढ्यांतही असेच भिंतीबाहेर डोकावणारे शौचकूप होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या स्वच्छतेची ताकीद आहे. केरकचरा रस्त्यात आणि तटाकडेला पडू देऊ नये, तो गडाखाली न लोटता जागोजागी जाळावा आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करावा, असे त्यात म्हटले आहे. घाणीचे खत होते आणि खताची भाजी होते, हे राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहिणारे हे लोक होते.

सामान्य माणसासाठी मात्र परसाकडे जाणे म्हणजे खरोखरच बाहेर जाणे होते. गावाची हागणदारी ठरलेली असे. पुरुषांची एका अंगाला, बायकांची दुसऱ्या अंगाला, बहुधा पाणंदीला किंवा ओढ्याकाठी. पुरुषाने तांब्या घेऊन केव्हाही उठावे. बाईने उजाडायच्या आत जावे, नाहीतर अंधार पडेपर्यंत कळ सोसावी. पावसाळ्यात चिखल, विंचू, साप. बाळंतीण, म्हातारी, पाय मोडलेली, ताप आलेली, सगळ्यांना तोच रस्ता. दिवसा जावे लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पीत. यातून होणारी दुखणी कुठल्याही नोंदवहीत ‘संडास नाही’ या कारणाखाली लिहिली गेली नाहीत.

गोव्यात वेगळीच रीत होती. घरामागे उंच चौथऱ्यावर शौचकूप बांधायचा, त्याखाली मागच्या बाजूला उतरती पन्हळ ठेवायची आणि तिथे डुकरांनी येऊन जागा साफ करायची. गोव्याच्या जुन्या घरांतून ही पद्धत विसाव्या शतकात अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. आश्चर्य असे की हजारो मैलांवर याच कल्पनेची भावंडे आहेत. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांत वरती शौचकूप आणि खाली डुकरांचा गोठा अशी मातीची छोटी प्रतिकृती सापडते. ओकिनावा बेटावर अशा शौचकूपाला फूरु म्हणत आणि कोरियाच्या जेजू बेटावरही तसेच बांधकाम होते. या सोयीची किंमतही होती. डुकराच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी माणसाच्या मैल्यातूनच डुकरात जातो आणि हे चक्र या शौचकूपांत आपोआप पुरे होई.

आता शहराकडे येऊ. पुण्यातल्या वाड्यात किंवा मुंबईच्या जुन्या घरात संडास होता, पण त्याची रचना पाहिली की अंगावर काटा येतो. वाड्याच्या अगदी मागच्या टोकाला दोन पायऱ्या चढून जायची अरुंद खोली. बसायच्या जागी फळी किंवा दगड आणि मधे भोक. त्याखाली वेताची टोपली, पुढच्या काळात पत्र्याचा डबा. टोपलीच्या पातळीवर मागच्या भिंतीत एक झडप, ती बोळात उघडे. घरातला माणूस पुढच्या बाजूने येई आणि मेहतर मागच्या बोळातून. दोघांची गाठ पडू नये अशीच ही आखणी. पहाटे कोणी तरी ती झडप उघडून टोपली ओढे, पाटीत उपडी करी आणि ती पाटी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाई. पावसाळ्यात पाटीतून पाझरणारे पाणी चेहऱ्यावर ओघळे. मुंबईत दोन इमारतींच्या मधल्या या बोळांना घरगल्ल्या म्हणतात आणि त्या आजही दिसतात. तिथल्या महापालिकेत हे काम करणाऱ्यांना हलालखोर म्हणत. १८८८ च्या महापालिका कायद्यात त्यांच्या नावाचा करच होता. पुण्यात गोळा झालेला मैला राख आणि कचऱ्याबरोबर कुजवून त्याचे सोनखत करत आणि उसाच्या मळ्यांतून त्याला मागणी असे. खताला भाव मिळाला, वाहणाऱ्याला मात्र मान मिळाला नाही.

ज्या ट्रॅपने ही टोपली निरुपयोगी ठरवली, त्याची जन्मकथा लंडनची आहे. सर जॉन हॅरिंग्टन हा राणी पहिल्या एलिझाबेथचा धर्मपुत्र. त्याने १५९६ मध्ये पाण्याची टाकी आणि तळाशी झडप असलेल्या शौचकूपाचे वर्णन छापले आणि राणीच्या रिचमंडच्या वाड्यात तो बसवूनही दिला. पण तो पसरला नाही. घरोघर नळ नव्हते आणि झडप कितीही घट्ट बसवली तरी तिच्या फटीतून खालचा वायू वर येई. मधे जवळजवळ १८० वर्षे गेली. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट घेतले आणि त्यात भांड्याखालची नळी वाकवून तिच्यात पाणी अडवून ठेवले. सगळी करामत त्या वळणात होती. नळीचे एक टोक खाली उतरून पुन्हा वर चढते आणि मग पुढे जाते, त्यामुळे मधल्या खोलगट भागातले पाणी कुठेच जाऊ शकत नाही. १७७८ मध्ये कुलपे बनवणाऱ्या जोसेफ ब्रामा याने झडपेत सुधारणा केली आणि असे शौचकूप मोठ्या संख्येने विकले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्स याने एक पेनी घेऊन लोकांना आपली शौचगृहे वापरू दिली. ८,२७,२८० जणांनी पैसे मोजले. १८८५ च्या सुमारास थॉमस ट्वायफर्ड याने लाकडी खोका काढून टाकला आणि अखंड चिनी मातीचे, चहूबाजूंनी धुता येणारे भांडे बाजारात आणले. थॉमस क्रॅपर याने फ्लशचा शोध लावला, असे बरेच जण समजतात. तो चांगला व्यावसायिक होता, पण शोध त्याचा नव्हे.

संडास घरात आला, तसा मैला घराबाहेर कुठे जाणार हा प्रश्न दुप्पट मोठा झाला. लंडनच्या घरांखाली मैल्याचे खड्डे होते, ते अधूनमधून रात्री उपसले जात. फ्लशचे पाणी त्यांत उतरू लागले आणि ते भरून वाहू लागले. मग घरांची नळी पावसाच्या गटारांना जोडली, गटारे थेम्स नदीत आणि पिण्याचे पाणी त्याच नदीतून. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने ६०० हून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून बोट ठेवले ते एका हातपंपावर, आणि त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. नंतर खोदून पाहिले तेव्हा विहिरीपासून अवघ्या तीन फुटांवर एक गळका मैलाखड्डा होता आणि त्यात आजारी बाळाची दुपटी धुतलेले पाणी ओतले गेले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले. सभासदांच्या नाकापर्यंत वास पोचल्यावर कायदा १८ दिवसांत झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मैला नदीपासून तोडून शहराच्या पूर्वेला नेणारी गटारे बांधली.

मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले. नळ आले तसे फ्लशचे संडास येऊ शकत होते, पण ते आले बंगल्यांत. गिरणगाव टोपलीवर आणि सामायिक संडासांवरच राहिले. १८९६ ला प्लेग आला. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. एका मजल्यावर २० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामायिक. सकाळी बादली किंवा डबा हातात घेऊन उभ्या राहिलेल्या रांगेत चाळीचे अर्धे समाजजीवन घडले असे म्हणतात, पण त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला त्याचे कौतुक वाटत असेल असे मला वाटत नाही. याच मुंबईत एक विलक्षण गोष्टही घडली. माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी असलेल्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या बंद टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर दिवे लावले गेले. इंग्लंडमधल्या एक्झेटर गावी डोनाल्ड कॅमेरॉन याने आपली सेप्टिक टाकी बांधली त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांच्या मैल्याने देशातला अगदी सुरुवातीचा जैववायू दिला, याची आठवण मुंबईने ठेवायला हवी होती.

प्लेगच्या त्याच काळात, १८९६ मध्ये, मोहनदास गांधी राजकोटला होते. स्वच्छता समितीबरोबर त्यांनी घरोघरचे संडास पाहिले. गरिबांनी हरकत घेतली नाही, बड्या घरांनी घेतली, आणि सर्वांत घाणेरडे संडास बड्या घरांतच निघाले. अस्पृश्यांच्या वस्तीत संडासच नव्हते आणि घरे झाडूनपुसून स्वच्छ होती, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे.

गांधींच्या या मार्गावर कोकणातले सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, फार पुढे गेले. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेण्याचा हक्क त्यांना नाकारला गेला तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात असलेल्या गांधींनी त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैला उचलावाच लागू नये असा संडास घडवला. जमिनीच्या वर बांधलेल्या दोन टाक्या, एक वापरात आणि दुसरी बंद. प्रत्येक वेळी मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकायचा. टाकी भरली की झाकून ठेवायची आणि दुसरी उघडायची. काही महिन्यांनी पहिलीत उरते ते मातीच्या वासाचे, हाताने चुरता येणारे सोनखत. ज्या प्रदेशात फ्लशला पाणी नाही त्याला हे उत्तर नेमके लागू पडते.

इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप सांगितला पाहिजे. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणे त्यांना मान्य नव्हते. जो जन्माने त्या कामाला जुंपला गेला आहे त्याला ते काम थोर आहे असे सांगणे म्हणजे त्याला तिथेच ठेवणे होय, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप निर्णायक वाटतो. म्हणूनच अप्पासाहेबांचे खरे मोठेपण त्यांनी झाडू हातात घेतला यापेक्षा त्यांनी टाकी बांधली यात आहे. झाडू कुणी तरी घेतच राहतो. टाकीमुळे झाडूचे कामच संपते.

अप्पासाहेबांकडून हे शिकलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून देहूला आले. रोज येणारे रुग्ण जुलाब, कावीळ आणि जंतांचे. औषध द्यायचे, तो बरा व्हायचा आणि पुन्हा यायचा. त्यांनी गावात काही संडास बांधून घेतले आणि ते पहिल्याच पावसात ढासळले. लोकांचा विश्वास उडाला. दुसरा कुणी असता तर दवाखान्यात परत जाऊन बसला असता. मापुसकरांनी खड्डे, भिंती, भांडी यांचा नव्याने अभ्यास केला, मैल्यावर चालणाऱ्या जैववायूच्या संयंत्राची ‘मलप्रभा’ नावाची रचना केली आणि एकेका घराला पटवत गेले. १९८० च्या सुमारास देहूत जवळजवळ घरोघर संडास झाला होता. सरकारी मोहिमांच्या कितीतरी आधी. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर.

आज खेड्यांसाठी सर्वांत जास्त शिफारस होते ती दोन खड्ड्यांच्या शौचालयाची. तिचा देशभर प्रसार करण्यात १९७० मध्ये सुलभ संस्था उभारणाऱ्या बिंदेश्वर पाठक यांचा वाटा मोठा. भांड्याचा उतार जास्त तीव्र ठेवलेला असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला सरकतो. खालचा ट्रॅप, मग एक छोटे चेंबर, त्याला इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याला एक खड्डा. खड्ड्याची वीट जाळीदार रचायची, म्हणजे फटीतून पाणी आणि वायू दोन्ही मातीत जिरतात. म्हणून याला वायूनळीची गरज नाही. तळ मोकळा. दोन खड्ड्यांत साधारण मीटरभर अंतर आणि विहिरीपासून पुरेसे लांब. ब्रॉड स्ट्रीटचा धडा इथे अक्षरशः पाळला जातो. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा साधारण तीन वर्षे पुरतो. भरला की चेंबरचे झाकण उचलून त्याचे तोंड वीट लावून बंद करायचे आणि दुसरे उघडायचे. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की त्यातले रोगजंतू मरतात. सगळ्यांत चिवट असतात जंतांची अंडी, त्यांच्यासाठीच एवढा काळ थांबायचे. मग निघते ते खत, आणि ते घरच्या माणसाने फावड्याने काढावे इतके निर्धोक असते. मागच्या बोळातून कुणाला यावे लागत नाही.

इतकी सोपी गोष्ट बिघडते ती बांधताना. दोन्ही फाटे एकाच वेळी उघडे ठेवले की दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि विश्रांतीला एकही उरत नाही. काही जण ‘भरायलाच नको’ म्हणून एकच प्रचंड खोल खड्डा घेतात. तो भूजलापर्यंत पोचतो, आणि भरतो तेव्हा त्यात ताजा मैलाही असतो, म्हणजे पुन्हा कुणी तरी माणूस उतरवायची वेळ येते. बांधकामावर नजर ठेवणाऱ्याने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण ते चेंबर उघडून पाहावे.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ४६.९ टक्के कुटुंबांकडेच आवारात शौचालय होते, ग्रामीण भागात ३०.७ टक्के. त्याच जनगणनेत ७,९४,३९० संडासांतला मैला अजून माणूस हाताने काढत होता, तोही डबा संडासांवर बंदी घालणारा १९९३ चा कायदा होऊन १८ वर्षे झाल्यावर. २०१३ मध्ये अधिक कडक कायदा आला. महाराष्ट्रात २००० पासून संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या या माणसाचे नाव त्याला देणे सर्वार्थाने योग्य होते. २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपये मिळू लागले आणि देशभर कोट्यवधी शौचालये उभी राहिली. गुड मॉर्निंग पथके पहाटे हागणदारीवर जाऊन लोकांना अडवत. बाईमाणसाला भर रस्त्यात ओशाळे करून कुठलीही चांगली सवय लावू नये, असे माझे ठाम मत आहे. देहूने ते न करता साधले.

शहरांत वेगळी अडचण आहे. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिकांत घरोघर फ्लशचा संडास आहे, पण भुयारी गटार नाही. मैला सेप्टिक टाकीत साठतो आणि टाकी तुंबल्याशिवाय कुणी तिच्याकडे पाहत नाही. तुंबल्यावर घाईने माणूस आत उतरवला जातो आणि विषारी वायूने गुदमरून मृत्यू होतात. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवली. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकजवळच्या सिन्नरने वेगळी पद्धत घातली. तुंबायची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीने प्रत्येक टाकी उपसायची, नळी आणि पंप असलेल्या गाडीने, आणि खर्च स्वच्छता करातून भागवायचा. गाडी टाकी उपसते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेते. माणूस झाकणाच्या वरच उभा राहतो.